नाव, गाव, किती वर्षं

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागून ठेवतो. आठवणी लिहाव्यात त्या मोठ्या माणसांनी, ज्यांना लोक आधीच ओळखतात. मला ओळखतात ते रायपूरच्या रेल्वे कॉलनीतले जुने लोक, आणि तेही ‘इंगळ्यांचा चष्मेवाला पोट्टा’ एवढंच. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे आजही लिहायला बसलं की कुणीतरी मागे येऊन उभं राहील आणि ‘तू कोण रे लिहिणारा’ असं विचारेल, असं वाटत राहतं. त्यात विषय असा की वाचणाऱ्याला हसू यावं. मला लिहायचं आहे ते मेक्सिको नावाच्या देशात दर वर्षी होणाऱ्या कुस्तीच्या एका खेळाबद्दल. मी मेक्सिकोला गेलेलो नाही. कुस्ती आयुष्यात एकदाच खेळलो आणि ती हरलो. पण त्या खेळापायी एका संध्याकाळी माझ्या तोंडून एक शब्द निघाला, आणि तो निघाला नसता तर मी आज जिथे बसून लिहितो आहे तिथे बसलेला नसतो. म्हणून हे धाडस.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की कॉलनीतल्या सगळ्या सायकली एकदम फाटकाकडे वळायच्या, आणि मग दिवसभर लोखंडावर घण पडल्याचा आवाज. पाहुणे आले की म्हणायचे, इथं झोप कशी लागते तुम्हाला? आम्हाला रविवारी लागत नसे, कारण त्या दिवशी आवाज नसायचा. घरात दुसरा आवाज आईच्या शिलाई मशीनचा. कॉलनीतल्या मराठी बायकांचे ब्लाउज तर ती शिवायचीच, पण तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली बायकाही तिच्याकडेच यायच्या. आईला त्यांची भाषा येत नसे, पण कुणाची बाही किती आणि गळा किती हे पाठ असे. छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. साध्या घरांवर रातोरात सरकारी पाट्या लागल्या होत्या, लाल दिव्याच्या गाड्या बाजारातल्या गाईंपुढे हॉर्न वाजवत अडकून पडायच्या, आणि पानठेल्यावर जो तो एकमेकांना विचारायचा: आप इधर के हो कि उधर के?

हा प्रश्न आमच्या घरात फार आधीपासून राहत होता. बाबा तरुणपणी नोकरीसाठी इकडे आले ते मूर्तिजापूरजवळच्या वडाळीहून. कुणीही गाव विचारलं की बाबा म्हणायचे, ‘वडाळी.’ मीही तेच सांगायचो, आणि वडाळीला मी लग्नाकार्याला म्हणून दोनचारदाच गेलो होतो. माझा जन्म इथला. तांदळाच्या पिठाचे इथले चीला आणि फरा खाऊन वाढलो, ‘हो’च्या जागी ‘हव’ म्हणतो म्हणून वडाळीची भावंडं मला चिडवायची. त्या वर्षी बाबांनी बडनेऱ्याकडे बदली मागितली. नोकरीची शेवटची वर्षं गावाजवळ काढायची, मग गावात घर बांधायचं, हा त्यांचा जुना बेत. बदलीचं काम पुढे सरकत होतं, आणि दिवाळीपर्यंत होईल असं सगळे धरून चालले होते. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो, इतिहास घेऊन. वडाळीला जायचं म्हणजे माझं कॉलेज संपणार होतं, कारण तिथे चुलतभावांनी माझ्यासाठी कापसाच्या जिनिंगमध्ये काम बघून ठेवलं होतं. मला जायचं नव्हतं. पण हे बाबांना सांगणं माझ्यानं होत नव्हतं. ते रागीट नव्हते, रागीट असते तर सोपं झालं असतं. गावाचं नाव घेतलं की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मी दुसरंच काही बोलून जायचो.

मेक्सिको आमच्या घरात आलं ते केबलच्या वायरीतून. कुठल्याशा परदेशी चॅनेलवर रविवारी दुपारी तिथल्या कुस्त्या दाखवायचे. आई चुलीवरून, म्हणजे गॅसच होता पण ती चूलच म्हणायची, गोळाभात उतरवत असायची. बेसनाचे गोळे भातात शिजल्याचा तो वास आणि वरून ओतलेल्या मोहरीच्या फोडणीचा चर्र आवाज, यांच्याशिवाय मला ती कुस्ती आठवताच येत नाही. पहिल्या रविवारी मी आणि माझा मित्र दिनेश साहू तोंड उघडं टाकून बघत राहिलो. दिनेश रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावचा, त्याचे वडील जवळच्या उरला नावाच्या औद्योगिक वस्तीत, कारखान्यात. तो रविवारी आमच्याकडे जेवायलाच यायचा आणि आईशी त्याच्या मराठीत बोलायचा. पडद्यावरच्या पैलवानांनी डोक्यापासून हनुवटीपर्यंत मुखवटे घातले होते, चमचमते, घट्ट. एकजण दोरावर चढला आणि हवेत दोन कोलांट्या घेऊन खाली उभ्या असलेल्याच्या छातीवर उतरला.

‘ये आदमी है कि बंदर?’ दिनेश म्हणाला.

बाबा बाजेवर पडून होते. ते तरुणपणी वडाळीच्या आखाड्यात खेळलेले. त्यांनी एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाले, ‘नुरा कुस्ती हाय. ठरवून करून राहिले सगळे. बंद कर ते.’ पण चॅनेल कुणी बंद केलं नाही. थोड्या वेळानं बाबा उठून बसले. ‘हे पाय, हा तं कलाजंग डाव हाय,’ ते म्हणाले. ‘चांगला मारला लेकानं.’ पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

समालोचन स्पॅनिशमध्ये. आम्हाला एक अक्षर कळत नसे, म्हणून नावं आम्हीच ठेवली. एकाचा मुखवटा निळा, कपाळावर पंख पसरलेला पक्षी. तो आमचा नीलकंठ. त्याचा वैरी काळ्या मुखवट्याचा, तो डोमकावळा. नीलकंठ आला की चॅनेलवाले डोंगर आणि घनदाट जंगल दाखवायचे, म्हणजे तो तिथून आलेला. दिनेश म्हणायचा, ‘बस्तर का होगा अपना.’ आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, ‘त्या निळ्याच्या मायनं त्याले नीट खाऊ घातलं नाही. बरगड्या दिसून राहिल्या.’

मधूनमधून काळीपांढरी दृश्यं लागायची. जुने मुखवटे, टोप्या घातलेले प्रेक्षक, बाळाला कडेवर घेऊन ओरडणाऱ्या बायका. त्यांचा अर्थ लावायला मी समता कॉलनीतल्या एका इंटरनेटवाल्याकडे जाऊ लागलो. तिथला संगणक एक पान उघडायला इतका वेळ घ्यायचा की तोवर मालक मला विचारायचा, ‘भैया, चाय मँगाऊँ?’ पण पान उघडलं की मला इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकानं दिला नव्हता असा आनंद व्हायचा. माझ्या आजोबांच्या तरुणपणी त्या देशातला एक माणूस सीमेपलीकडे अमेरिकेत गेला, तिथे त्यानं कुस्ती पाहिली, आणि हे आपल्या लोकांना दाखवायचंच असं ठरवून परत आला. त्यानं खेळ सुरू केला तो सप्टेंबरात. दर सप्टेंबरात त्या दिवसाचा वाढदिवस म्हणून वर्षातला सगळ्यात मोठा खेळ होऊ लागला, तो आजवर. पहिला मुखवटा म्हणे एका जोडे शिवणाऱ्यानं शिवला. एक पैलवान त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, पायाचं माप घेतोस तसं माझ्या डोक्याचं घे. मग मुखवट्यांची चाल पडली. बापाचा मुखवटा मुलाकडे जाऊ लागला. सप्टेंबरच्या खेळात पैलवान मुखवटाच पणाला लावू लागले. ज्याला मुखवटा नाही तो डोक्यावरचे केस लावायचा आणि हरला की रिंगणातच न्हावी यायचा. जो मुखवटा हरतो तो स्वतःच्या हातानं तो काढतो, आणि उभ्या गर्दीसमोर तीन गोष्टी सांगतो: आपलं खरं नाव, आपलं गाव, आणि किती वर्षं खेळतो आहे. मग तो मुखवटा त्यानं पुन्हा कधीच घालायचा नसतो.

ही तीन गोष्टींची चाल मी घरी सांगितली तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले. ‘तोंड लपवून खेळलेला मानूस आपलं गाव सांगते?’ मी म्हटलं, हो. ‘मंग नुरा नाही ते,’ बाबा म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

कॉलेजात सरांनी सेमिनारला विषय निवडायला सांगितला, तेव्हा मी भीत भीत विचारलं, की सर, असल्या खेळाला इतिहास असतो का? सर म्हणाले, जे दर वर्षी न चुकता होतं त्याला इतिहास असतोच, लिहून आणा. मी आणलं. पण वर्गासमोर उभा राहिलो आणि पहिल्या वाक्यालाच अडकलो. मनात सगळं मराठीत होतं, बोलायचं हिंदीत होतं, पुढे बसलेली मुलं डॉक्टर-वकिलांची होती. ‘मेक्सिको में...’ एवढं म्हणून मी खाली बसलो. सर चांगले होते, त्यांनी पुढच्याला बोलावलं.

त्या वर्षी बातमी लागली की सप्टेंबरच्या मोठ्या खेळात नीलकंठ आणि डोमकावळा मुखवट्याला मुखवटा लावून खेळणार. आम्हाला जेवण सुचेना. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या टीव्हीवर त्या चॅनेलच्या आकड्यावर एक महाराज प्रवचन देताना दिसले. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘वो चैनल कट गया. भगवान का लगा दिया, देखो न.’ दिनेश त्याच्याशी भांडला, मी हात जोडले, काही उपयोग झाला नाही. इंटरनेटवाल्याकडे गेलो तर पान अर्धं उघडून थांबलं: निळ्या मुखवट्याचा कपाळाचा भाग, पक्ष्याचे पंख, आणि खाली पांढरं. असं वाटलं, जगात काहीतरी होणार आहे आणि ते आमच्याशिवाय होणार आहे.

‘तो हम लोग खुद कर लेते हैं,’ दिनेश म्हणाला. आम्ही तेलीबांध्याच्या तलावाकाठी दाणे खात बसलो होतो. ‘गणपती में. तुम्हारे पंडाल में कोई आता भी है?’

हे खरं होतं. आमच्या कॉलनीच्या मराठी गणपतीला म्हातारी माणसंच यायची. अध्यक्ष देशकर काका, कारखान्यातले निवृत्त हेडक्लार्क, दर वर्षी नाटक बसवायचे आणि दर वर्षी मुलं हिंदीत संवाद म्हणायची. आम्ही त्यांना जाऊन सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘गणपतीसमोर तोंडं झाकून मारामारी? हे काय संस्कृती म्हनाची?’

आई तिथे प्रसादाचं पातेलं न्यायला आली होती. ती म्हणाली, ‘भाऊजी, गनपतीचं तं डोकंच दुसरं बसवलेलं हाय. त्याले काय वाटनार मुखवट्याचं?’

काकांनी चष्मा पुन्हा काढून पुसला. मग म्हणाले, ‘आरती झाल्यावर. आन माईकवर मी बोलन.’

मग जे दिवस आले त्यांच्यासारखे दिवस पुन्हा आले नाहीत. आईनं मुखवटे शिवायला घेतले. निळा कपडा कुणाच्या तरी ब्लाउजच्या अस्तराचा, पक्षी जुन्या साडीच्या पिवळ्या काठाचा. मला पुढ्यात बसवून तिनं टेपनं डोकं मोजलं आणि म्हणाली, ‘आत काही नसून इतकं मोठं कसं रे?’ आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं की मुखवटा मागे नाडीनं आवळतात, पण आईला ते पटेना. नाडी सुटते, म्हणाली. तिनं मागे ओळीनं हुक लावले, काज केले, जसे ब्लाउजला करतात तसे, आणि वरून दातानं ओढून पाहिले. दिनेशच्या काळ्या मुखवट्याला तिनं चोच लावली. तीजा-पोऱ्याच्या सणाची बेसनाची ठेठरी घेऊन दिनेशची आई आली होती. ती मुलाला त्या मुखवट्यात पाहून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

कुस्ती कशी होणार हे मी आणि दिनेशनं ठरवून टाकलं होतं. मी जिंकणार, तो हरणार. ‘फिर माइक मेरा,’ तो म्हणायचा. त्याला बोलायला आवडायचं, आणि मला ती तीन वाक्यं बोलायची नव्हती. सेमिनार विसरलो नव्हतो. आणि त्या तिन्हींतलं मधलं वाक्य तर मला कुठेच बोलायचं नव्हतं.

मांडवात गाद्या टाकायचं ठरलं होतं. बाबा म्हणाले, गाद्यांवर झोपतात. एका सकाळी ते पुरानी बस्तीतल्या आखाड्यातून हातठेल्यावर माती घेऊन आले, लाल, चाळलेली. तिच्यात त्यांनी हळद घातली, ताक घातलं, मोहरीचं तेल घातलं, कडुनिंबाचा पाला चुरून घातला, आणि उघड्या अंगानं फावडं घेऊन ती वरखाली करत राहिले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. माती पसरून झाल्यावर त्यांनी मधोमध उदबत्ती लावली, नारळ फोडला. मग सहज विचारलं, ‘कोन जिंकनार हाय?’

‘ठरलंय नं बाबा. मी.’

त्यांनी फावडं खाली ठेवलं. ‘मंग माती परत नेतो मी.’

‘काहून?’

‘पुजलेली माती हाय. हिच्यावर ठरवून कुस्ती होत नाही. गादीवर करा काय कराचं ते.’

दिनेशनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सुट्टीत उरल्याला पोती उचलायचा, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. ‘काका, ये मर जाएगा,’ तो अगदी मनापासून म्हणाला.

‘मरत नाही कोनी. खेळा.’

तेव्हापासून संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले की आमच्या आतल्या खोलीत, दोन बाजा भिंतीला लावून, मला एकच डाव शिकवायचे. ढाक. ‘तुले दहा येनार नाहीत. एक कर.’ त्यांच्या अंगाला साबणाचा आणि ग्रीसचा वास यायचा. ते मला उचलायचे आणि पाडायचे, पाडताना डोक्याखाली हात द्यायचे. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, ‘माठ फुटला तं दोघं बाप-लेक नळावर जाल!’ बाबा हसायचे. त्या दिवसांत ते वडाळीबद्दल खूप बोलले. तिथला वस्ताद, तिथली नदी. मी पाठीवर पडून ऐकायचो. एकदा वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात ते म्हणाले, ‘ऊठ. कमरेत वाक.’ आणि मी वाकलो.

त्या संध्याकाळी मांडवात माणूस मावेना. कॉलनीतली तेलुगू मुलं झाडावर, बीरगावहून दिनेशचा अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, मेटाडोरमध्ये भरून आलेला, पुढे खुर्च्यांवर म्हातारे. आरती झाली. देशकर काकांनी माईक घेऊन शुद्ध मराठीत सुरुवात केली: ‘सज्जनहो, मेक्सिको देशातील एका प्राचीन...’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘काका, हिंदी में!’ आम्ही मुखवटे घालून आलो तेव्हा जो आवाज झाला तो मला आज लिहितानाही ऐकू येतो. मुखवट्याच्या आत गरम होत होतं, चष्मा नव्हता, समोर सगळं धूसर, आणि मला आश्चर्य वाटलं, की भीती वाटत नव्हती. तोंड झाकलेलं असलं की माणूस किती मोकळा होतो.

हात मिळाले. दिनेशनं पहिल्याच झटक्यात मला गुडघ्यावर आणलं. मी निसटलो, हळदीची माती, घाम, तेल, काही हातात ठरत नव्हतं. काकांची मराठी कधीच सुटली होती: ‘अरे नीलकंठ गया, नहीं गया, उठ गया, ओ माय गे!’ बीरगाववाले डोमकावळ्यासाठी, कॉलनी माझ्यासाठी. म्हातारे खुर्च्यांवरून उठून पुढे आले. दिनेश पुन्हा अंगावर आला तेव्हा त्याचा तोल जरा पुढे गेला, आणि मला काही विचार न करता बाबांचा आवाज ऐकू आला, कमरेत वाक. मी वाकलो, बगलेत हात घातला, पाय अडकवला, आणि पोती उचलणारा दिनेश साहू माझ्या पाठीवरून वर गेला. ढाक. मांडव आवाजानं नुसता फाटला. तो कुशीवर पडला, मी त्याच्यावर झेपावलो, त्याचा एक खांदा मातीला लागला, दुसरा चार बोटं वर. मी सगळा जोर लावला. ती चार बोटं काही खाली गेली नाहीत. मग त्यानं मान मातीत रोवून कमान केली आणि आम्ही दोघंही उलटलो. पुढचं मला दिसलं ते मांडवाचं छत आणि त्याला लावलेल्या रंगीत झिरमिळ्या. पाठ मातीला पूर्ण टेकलेली. मी चीत झालो होतो.

दिनेशनं मला हात देऊन उठवलं. मुखवट्यातून हळूच म्हणाला, ‘बोल लेगा न?’

मी रिंगणाच्या मध्ये उभा राहिलो. चालीप्रमाणे मुखवटा माझा मला काढायचा होता. हात मागे नेले तर हुकांमध्ये चिखल भरलेला, एक हुक निघेना. लोक हसायला लागले. मी ओढलं, तर तो आईनं दातानं तपासलेला हुक, तो कसला निघतो. तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले. चपला काढल्या, माती कपाळाला लावली आणि आत आले. माझ्या मागे उभं राहून त्यांनी एकेक हुक काढायला सुरुवात केली, सरावानं, न अडखळता. बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘वहिनी, यांले सवय दिसते हो.’ सगळा मांडव हसला. आईनं पदर तोंडावर ओढला तो बराच वेळ खाली आणला नाही.

मुखवटा निघाला. वारा लागला. समोर चेहरेच चेहरे, धूसर. काकांनी माईक माझ्या तोंडाशी धरला.

‘नाव?’

‘गजानन नामदेव इंगळे.’

‘गाव?’

काका माईक परतच न्यायला लागले होते, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. इंगळ्यांचं गाव वडाळी. मागे बाबांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. खोटं बोलायची ती जागा नव्हती; ती माती पुजलेली होती, आणि हरल्यावर खरं तेच सांगायचं अशी चाल होती, हे मीच घरी सांगितलं होतं. मी म्हणालो, ‘रायपूर.’

ते इतकं हळू निघालं की पुढच्या खुर्च्यांनाही कळलं नाही. काका म्हणाले, ‘काय?’ मला वाटलं, आता सांगता येईल की चुकलो. तेवढ्यात मागून, फक्त मला ऐकू येईल असं, बाबा म्हणाले, ‘मोठ्यानं सांग.’

‘रायपूर,’ मी म्हणालो. माईक किंचाळला, आणि तो शब्द मांडवाबाहेर, कॉलनीच्या फाटकापर्यंत गेला. बीरगाववाल्यांनी शिट्ट्या मारल्या. का मारल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

‘किती वर्षं?’ काकांनी घसा खाकरून विचारलं.

‘आजच्यापासून,’ मी म्हणालो. लोक हसले. मीही हसलो. मग मी आणखी बोललो, कुणी विचारलं नसताना. सप्टेंबरचा खेळ, जोडे शिवणारा, केस पणाला लावणारे, सगळं, थोडं हिंदीत थोडं मराठीत. कुणी उठून गेलं नाही.

घरी बाबांनी नळावर पाय धुतले. ‘माती उद्या परत नेऊन टाकाची हाय,’ एवढंच म्हणाले, आणि आईनं माझ्या ताटात जास्तीचा मोदक ठेवला. सकाळी आम्ही दोघांनी हातठेला ढकलत माती पोचवली. वाटेत चढ होता, तिथे बाबा म्हणाले, ‘ढाक बरी बसली होती. पाय जरा अजून आत पाहिजे होता.’ दिवाळी आली आणि गेली. बदलीचं काय झालं, असं शेवटी आईनंच विचारलं, तेव्हा बाबा बाजेची सुतळी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘नाही म्हनून सांगितलं त्यांले.’ मी एम.ए. झालो, मग शिकवू लागलो, अजून शिकवतो. बाबांना आजही कुणी गाव विचारलं की ते वडाळीच सांगतात, आणि मी रायपूर सांगतो. एका घरात दोन गावं आहेत. सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, यावर एकदा विचारलं होतं, ‘मग मी पोरांना कोणतं सांगू?’ बाबा म्हणाले, ‘त्यांले मोठं होऊ दे. हरले की सांगतील.’

राहिली ती नीलकंठाची गोष्ट. चॅनेल परत आलं नाही. पुढे इंटरनेट वेगवान झालं, घराघरात आलं, पण आम्ही शोधणार कसं? त्याचं तिथलं स्पॅनिश नाव आम्ही कधी लक्षात ठेवलं नव्हतं, आणि ‘नीलकंठ’ हे नाव तर आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. दिनेश आणि मी भेटलो की एकदा तरी म्हणायचो, काय झालं असेल? तो म्हणायचा, जीता होगा. मी म्हणायचो, जिंकला असेल. आम्ही दोघांनी तसं मानून टाकलं होतं.

गेल्या गणपतीत दिनेश आमच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर मुलीला घेऊन आला. आईनं तो निळा मुखवटा अजून ठेवला आहे, हुकांसकट. मुलीनं त्याचा फोनवर फोटो काढला आणि त्यावरून काहीतरी शोधत बसली. आम्ही ठेठरी खात होतो. ती म्हणाली, ‘पापा, ये वाला है क्या?’ आणि फोन पुढे धरला. तोच पक्षी. तेच पंख. ते मोठं मैदान, त्या सप्टेंबरच्या खेळाचा व्हिडिओ.

आम्ही दोघं फोनवर वाकलो. दिनेशनं माझा दंड धरून ठेवला होता, आणि शेवटपर्यंत सोडला नाही. नीलकंठ हरला. डोमकावळ्यानं त्याला चीत केलं आणि मग स्वतःच हात देऊन उठवलं. नीलकंठानं मागची नाडी सोडली आणि मुखवटा काढला. आत मिशीवाला, कपाळावरचे केस गेलेला, आमच्या कारखान्यात कुठल्याही पाळीला दिसावा असा एक माणूस होता. त्यानं माईक घेतला. मुलीनं खाली आलेला हिंदी अर्थ वाचून दाखवला. नाव सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. मग गाव सांगितलं. ना डोंगर, ना जंगल. त्या मैदानाच्या मागच्याच गल्लीत त्याचं घर होतं, तिथेच जन्मला, तिथेच राहतो. मग किती वर्षं ते सांगताना त्याचा आवाज फुटला.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, ‘बाबा, नीलकंठाची बातमी लागली. हरला तो. मुखवटा काढला त्यानं.’

बाबांनी कान आणखी जवळ आणला. ‘गाव सांगितलं?’

‘सांगितलं. तिथलाच निघाला.’

‘मोठ्यानं सांगितलं?’

‘हव बाबा,’ मी म्हणालो. ‘सगळ्यांले ऐकू गेलं.’